माघातले कोकण : मोहोर, गवत आणि वणवा



माघ महिना म्हणजे थंडीचा परतीचा मुक्काम. पहाटे अंगावरची वाकळ सोडवत नाही आणि दुपारी डोक्याला पटका घेतल्याशिवाय बांधावर उभे राहवत नाही. घाटावर या दिवसांत हरभऱ्याचे घाटे भरत असतात, गहू ओंबीत असतो, उसाच्या तोडीची धांदल असते. त्यामुळे घाटावरचा शेतकरी माघात कोकणात सहसा उतरत नाही. उतरतो तो मे महिन्यात, पोराबाळांना समुद्र दाखवायला आणि येताना आंब्याची पेटी आणायला. पण मी तुम्हाला सांगतो, कोकणची वाडी खरी पाहायची तर माघात पाहावी. तेव्हा झाडावर आंबा नसतो, पण ज्या मेहनतीतून आंबा होतो ती सगळी डोळ्यांसमोर चाललेली असते. शिवाय तिथली पुष्कळ कामे तुमच्या आमच्या परसातल्या चार झाडांनाही लागू पडतात. तेव्हा चला माझ्याबरोबर, कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीस, आणि तिथून समुद्राच्या कडेकडेने पूर्णगडापर्यंत.

आंबा घाट उतरताना

मलकापूर सोडले की उसाचे मळे मागे पडतात आणि शाहूवाडीचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. आंबा गावापाशी घाटमाथा. सकाळी लवकर निघालात तर इथे धुके असते आणि झाडांवरून दवाचे थेंब पावसासारखे टपटपत असतात. या दिवसांत घाटात काटेसावर आणि पांगारा पाने टाकून लाल फुलांनी उभे असतात. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुले लागतात, त्यांचा वास वळणावळणावर येतो. सह्याद्रीच्या या उतारावर उभे राहून खाली पाहिले की गवताने सगळे डोंगर सोनेरी दिसतात. पण जरा बारकाईने पाहा. त्या सोनेरी रंगात मधूनच काळे पट्टे दिसतील, कुणी घोंगडीचे तुकडे टाकावेत तसे. ते काय आहेत ते पुढे सांगतो.

घाट उतरून साखरप्याला आलो की हवा बदलते. अंगातला स्वेटर काढावासा वाटतो. मातीचा रंग तांबडा होतो आणि पाली, हातखंब्याच्या पुढे जांभ्याचा कातळ डोकावू लागतो.

कलमांच्या गावात

कोकणात आंब्याच्या झाडाला नुसते झाड म्हणत नाहीत. कोयीपासून आपोआप वाढलेला तो रायवळ, आणि बांधलेले ते कलम. ‘आमची पन्नास कलमं आहेत’ असे म्हटले की ती हापूसची, हे वेगळे सांगावे लागत नाही. रत्नागिरी, पावस, गावखडी या पट्ट्यात ही कलमे कातळावर उभी आहेत. घाटावर आपण खड्डा खणतो, इथे कातळ सुरुंगाने फोडून खड्डा करायचा, बाहेरून माती वाहून आणून तो भरायचा आणि मग त्यात कलम लावायचे. १९९० साली रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि कोकणातल्या कितीतरी उघड्या सड्यांवर आंबा-काजूची हिरवाई आली. २०१८ साली कोकणच्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन मिळाले म्हणून मोहोर टिकत नाही. तो टिकवण्याचे दिवस हेच.

माघात एकाच कलमावर तीन पिढ्या पाहायला मिळतात. एका फांदीवर सुपारीएवढी कैरी, दुसरीवर वाटाण्याएवढी, तिसरीवर नुकता फुटलेला मोहोर. पाहुण्याला हे फार शोभिवंत दिसते. बागायतदाराच्या मात्र पोटात गोळा येतो. कारण पहिली फळे धरलेली असताना थंडी वाढली आणि त्याच काडीवर पुन्हा मोहोर आला, तर झाडाचा अन्नरस नव्या मोहोराकडे वळतो आणि आधीची कैरी पिवळी पडून गळते. याला पुनर्मोहोर म्हणतात. यावर जिबरेलिक आम्लाची फवारणी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सुचवली आहे. तिची वेळ आणि मात्रा मात्र आपल्या कृषी सहाय्यकाकडून नीट समजून घ्यावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अंदाजाने करू नये.

दुसरे संकट मळभाचे. आभाळ आले, हवेत दमटपणा वाढला की मोहोरावर भुरी येते. दांड्यावर पीठ भुरभुरल्यासारखे दिसते आणि फुले करपून झडतात. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्याला २० ग्रॅम या प्रमाणात फवारले तर भुरी आटोक्यात राहते. तुडतुडे मोहोरातला रस शोषतात आणि अंगातून चिकटा सोडतात. मग त्या चिकट्यावर काजळी धरते आणि पाने काळी पडतात. अलीकडच्या वर्षांत फुलकिड्यांचा त्रासही वाढला आहे. पण या सर्वांत एक पथ्य सांभाळावे लागते. मोहोर पूर्ण उमललेला असताना फवारणी टाळावी. हापूसच्या मोहोरात नर फुले फार आणि फळ धरणारी संयुक्त फुले थोडी असतात. त्या थोड्या फुलांवर परागकण नेऊन पोचवणाऱ्या माश्या आणि मधमाश्या औषधाने मेल्या, तर मोहोर डोळ्यांना भरगच्च दिसेल आणि फळ धरणार नाही. हापूसला हापूसचाच पराग चांगला मानवत नाही, म्हणून बागेत थोडी केसर, रत्ना अशा दुसऱ्या जातीची झाडे असावीत. रत्ना ही जात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झाली.

पावसजवळच्या एका बागेत एक वृद्ध बागायतदार भेटले. हातात काठी घेऊन प्रत्येक कलमाखाली थांबत, मान वर करून पाहत चालले होते. मला म्हणाले, “साहेब, कलमाला हात आठवड्यानं लावला तरी चालतो, पण डोळा रोज लावायला हवा.” शेतीशाळेत तासभर सांगून जे पटत नाही, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

कैरी वाटाण्यापासून अंड्याएवढी होईपर्यंत पाण्याची सोय असेल तर प्रत्येक झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, १५ दिवसांच्या अंतराने, तीन-चार वेळा द्यावे. पाणी बुंध्यात ओतू नये. फांद्यांची सावली जिथे संपते तिथे आळे करून द्यावे, कारण अन्न घेणारी बारीक मुळे तिथे असतात. फळ काढायच्या महिनाभर आधी पाणी बंद करावे. फळे गोटीएवढी झाली की २५ सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद कागदी पिशव्या बांधतात. फळमाशीपासून बचाव होतो आणि फळ डागरहित राहते. घरी दोनच झाडे असतील तर वर्तमानपत्राच्या पिशव्या मुलेसुद्धा बसल्या बसल्या करतील.

भाट्याचे आगर

रत्नागिरी शहर ओलांडून काजळी नदीची खाडी पार केली की भाट्ये लागते. इथे कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. कातळावरून एकदम या आगरात शिरलो की उन्हातून माजघरात आल्यासारखे वाटते. नारळाच्या रांगांमध्ये जायफळ, दालचिनी, खोडांवर चढवलेली काळी मिरी, मधून केळी आणि अननस. एका पाण्यात चार पिके. याच पद्धतीला ‘लाखीबाग’ असे नाव पडले आहे.

आगरातली माघातली कामे साधी पण चुकवू नयेत अशी आहेत. नारळाचा शेंडा साफ करावा आणि गेंड्या भुंगा दिसला तर आकड्याने काढून मारावा. हा भुंगा शेणखताच्या ढिगात वाढतो, म्हणून परसातला उकिरडा या दिवसांत एकदा खालीवर करावा आणि सापडतील त्या अळ्या कोंबड्यांपुढे टाकाव्यात. खोडावर कोयत्याचे घाव घालू नयेत. त्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि तो आतून झाड पोखरतो. सुपारीच्या कोवळ्या खोडाला नैर्ऋत्येचे ऊन लागले की ते भाजते. म्हणून जाणते लोक त्या बाजूला केळ लावतात किंवा खोडाला झावळ्या गुंडाळतात.

माताभगिनींसाठी सांगायचे तर आगराच्या कडेचे परस पाहण्यासारखे असते. न्हाणीचे पाणी पाटाने अळूच्या खाचरात आणि तिथून केळीच्या बुंध्यात. हळदीची पाने वाळली की कंद काढायचे, त्यातले जाड व निरोगी बेण्याला सावलीत ठेवायचे. त्याच जागी भेंडी, गवार, काकडी, दुधी टोकायची. लाल माठ एकदम न पेरता पंधरा पंधरा दिवसांनी चार ओळी पेरायचा, म्हणजे भाजी कायम कोवळी मिळते. यातले काहीही घाटावर करता येणार नाही असे नाही.

गवताचे दोन गुण

आता त्या घाटातल्या काळ्या पट्ट्यांकडे वळू. पावसाळ्यात कोकणातल्या सड्यावर आणि डोंगरउतारावर पुरुषभर गवत वाढते. दिवाळीच्या सुमारास ते कापतात. कापून झाडाखाली पसरले तर त्यासारखे आच्छादन नाही. ओल टिकते, मुळे गार राहतात. तापलेल्या कातळाची झळ फळाला लागली की हापूसच्या गरात साका होतो, म्हणजे वरून फळ चांगले आणि आत पांढरी स्पंजासारखी गाठ. झाडाखाली आच्छादन असले की साक्याचे प्रमाण कमी राहते.

पण तेच गवत न कापता उभे राहिले, तर माघापासून ते वाळून कोळ होते आणि एका ठिणगीची वाट पाहत असते. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की लागलेला वणवा माणसाच्या धावण्याहून वेगाने डोंगर चढतो. काजूच्या बागेत खाली पालापाचोळ्याचा थर असतो, तिथे तर आग हा हा म्हणता पसरते. काजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये बिया धरू लागतात. म्हणजे वर्षाचे उत्पन्न हाताशी येण्याच्या वेळीच हे संकट येते. कलम फळायला पाच-सहा वर्षे लागतात, आणि तो वेळ अर्ध्या तासात जळून जातो. किडीला औषध आहे, भुरीला गंधक आहे. जळलेल्या सहा वर्षांना काही नाही.

वणवा का लागतो, हे विचारले की प्रत्येक गावात वेगळे उत्तर मिळते. कुणी विडीचे थोटूक टाकतो, कुठे विजेच्या तारा एकमेकींना लागून ठिणगी पडते. कुठे मुद्दाम लावतात, कारण ‘जाळलं की पुढल्या वर्षी गवत जोमानं येतं’ अशी समजूत आहे. खरे पाहता आगीत पालापाचोळ्यातला नत्र हवेत निघून जातो, आणि उघडी पडलेली माती मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्यात जाते. चार वर्षे सतत जळलेला उतार पाहा, तिथे गवत विरळ झालेले आणि खडक वर आलेले दिसतील.

भाजावळीचा प्रश्न

आणखी एक कारण आहे आणि ते जपून बोलायला हवे, कारण ती कोकणच्या भातशेतीची जुनी रीत आहे. भाताचे रोप करण्याच्या जागेवर, म्हणजे दाढीवर, शेण, कवळ, गवत आणि माती असे थर देऊन ते भाजतात. याला राब भाजणे किंवा भाजावळ म्हणतात. फायदा नाही असे कोण म्हणेल? तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते आणि रोप मुळासकट अलगद उपटता येते. वाडवडिलांनी ती रीत उगीच धरली नव्हती. पण पूर्वी दाढीच्या शेजारी भातखाचरे आणि उघडे माळ होते. आज तिथेच काजूच्या आणि कलमांच्या बागा उभ्या आहेत. रीत तीच राहिली आणि शेजार बदलला.

चारसूत्री भात लागवडीत याला पर्याय दिलेला आहे. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळायची. राखेतून रोपाला सिलिका आणि पालाश मिळतो, रोप कणखर होते आणि उपटायलाही सोपे जाते. तूस भातगिरणीवर मिळते. गिरिपुष्प, ज्याला काही जण उंदीरमारी म्हणतात, तो बांधावर लावला तर चिखलणीला हिरवा पाला मिळतो. माघात हा गिरिपुष्प पाने टाकून गुलाबी फुलांवर येतो, रस्त्याने जाताना तुम्हाला सहज ओळखू येईल.

तरीही ज्यांना राब भाजायचाच आहे, त्यांनी निदान वेळ पाळावी. पहाटे, दव असताना आणि वारा पडलेला असताना भाजावे. सभोवार दहा-बारा फूट जागा झाडून मोकळी करावी, पाण्याची पिंपे आणि हिरव्या डहाळ्या घेऊन चार माणसे उभी करावीत आणि शेवटची धग विझेपर्यंत कुणी घरी जाऊ नये. वरून विझलेला राब आत संध्याकाळपर्यंत धुमसत असतो.

बंद घरांच्या वाड्या

पूर्णगडाच्या वाटेवर मला सर्वांत जास्त बोलकी दिसली ती कुलूप लावलेली घरे. अंगणात पाचोळा, तुळशीवृंदावन कोरडे, आणि घराभोवतीच्या वाडीत कमरेएवढे वाळलेले गवत. मालक मुंबईला. गणपतीत आणि शिमग्याला येणार. त्या वाडीच्या गडग्याला लागून ज्यांची कलमे आहेत, ते म्हातारा-म्हातारी गावातच राहतात. त्यांनी आपले गवत कापले, बुंधे साफ केले. पण आग शेजारच्या बेवारशी गवतातून आली तर त्यांनी काय करायचे? एका आजीने मला विचारले, “माझ्या वाडीत मी काडी ठेवली नाही. शेजारच्याच्या गवताला मी कशी हात लावू? तो फोनवर म्हणतो, येतो आणि कापतो. त्याला यायला शिमगा उजाडतो.” या प्रश्नाला माझ्या खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात उत्तर नाही. उत्तर गावकीत आहे.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या चाकरमान्यांनो, हे साप्ताहिक तुमच्या घरी गावाहून आलेल्या माणसाच्या पिशवीतून येत असेल, तर एवढे करा. गणपतीत येता तेव्हाच गवत कापण्याची मजुरी शेजाऱ्याकडे देऊन ठेवा आणि ‘माझ्या वाडीतलं गवत कापून तुमच्या कलमांखाली घाला’ असे तोंडाने सांगून जा. तुमची वाडी वाचेल आणि त्यांना आच्छादन मिळेल. गावात राहणाऱ्यांनी २६ जानेवारीच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. कुणाच्या वाडीत गवत उभे आहे, जाळरेषा कुठून कुठवर काढायची, आग दिसली तर कोणी कोणाला हाक मारायची, हे त्या दिवशी ठरले तर पुढचे चार महिने निर्धास्त जातात.

जाळरेषा म्हणजे बागेच्या बाहेरून फिरणारा मोकळा पट्टा. निदान दहा-बारा फूट रुंद. त्यातले गवत कापून, ओढून, जमीन झाडूनच काढावी. गडगा असेल तर त्याच्या बाहेरच्या बाजूने काढावी. आतले आच्छादन बुंध्यापासून दोन फूट दूर ठेवावे, आणि ते जाळरेषेपर्यंत पसरलेले नसावे.

होरपळलेले कलम

इतके करूनही आग लागलीच, तर दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन धावू नका. पाने करपली म्हणजे झाड मेले असे नाही, आणि पाने हिरवी राहिली म्हणजे वाचले असेही नाही. बुंध्याची साल नखाने हलकेच खरवडून पाहा. आत हिरवी ओल असेल तर आशा आहे. बुंध्यात पाणी द्या, खोडाला बोर्डो मलम किंवा चुना लावून उन्हापासून झाका आणि पाऊस पडेपर्यंत थांबा. फुटवे आल्यावर मेलेल्या फांद्या कापाव्यात. कोवळ्या कलमाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा : फूट कलमाच्या जोडाखालून आली तर ती रायवळाची आहे, हापूसची नव्हे. पण तीही उपटू नका. खालचे मूळ जिवंत आहे, म्हणजे अर्धे काम झालेले आहे. पावसाळ्यात त्या कोवळ्या फुटीवर जागच्या जागी हापूसची काडी बांधून घेता येते. नवीन खड्डा, नवीन माती आणि दोन वर्षे तरी वाचतात.

घाटावरच्या मंडळींना

हे सगळे कोकणचे आहे, आमचे काय, असे म्हणू नका. उसाचे पाचट पेटवून देणारे आपणच आहोत. ज्या पाचटाने खोडव्याला ओल आणि खत मिळाले असते ते आपण जाळतो, आणि बांधावरचा आंबा-जांभूळ त्यात होरपळतो. तेव्हा येत्या पंधरवड्यात घाटावर असा वा कोकणात, ही कामे उरकून घ्या :

१. परसातल्या आंब्याच्या मोहोरावर रोज एकदा नजर टाका. भुरी दिसताच गंधक, पण ऐन फुलोऱ्यात फवारणी नको.

२. वाटाण्याएवढी फळे धरली की फांद्यांच्या सावलीच्या कडेने पाणी आणि वरून गवताचे किंवा पाचटाचे आच्छादन.

३. उकिरडा खालीवर करा. हळदीचे बेणे निवडून ठेवा. भेंडी, गवार, काकडी टोका.

४. बागेभोवती जाळरेषा काढा. शेजारची वाडी बंद असेल तर तिच्या मालकाला आजच फोन करा.

५. काही भाजायचे वा जाळायचे असेल तर शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, आणि पहाटेच उरका.

पूर्णगडला मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. तिथल्या छोट्याशा किल्ल्याच्या तटावर उभे राहिलात की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला मोहोरलेली कलमे दिसतात. मे महिन्यात पेटी फोडून पहिला आंबा हातात घ्याल, तेव्हा तो माघात कोणीतरी राखलेला आहे हे घरातल्या मुलांना जरूर सांगा. आणि या वर्षी तुमच्या परसातल्या झाडाचाही एखादा आंबा त्या ताटात असू द्या.